पर्फ काय सांगतं आणि आपण काय समजतो

प्रोग्रॅम संथ चालतोय म्हटलं की लिनक्सवर काम करणारे बरेच जण पर्फकडे वळतात. कमांड लाइनवरचं हे साधन २००९ साली कर्नलच्या २.६.३१ आवृत्तीबरोबर आलं. ‘पर्फ रेकॉर्ड’ चालवायचं, मग ‘पर्फ रिपोर्ट’मध्ये कुठल्या फंक्शनने किती टक्के खाल्ले ते बघायचं. पण ते टक्के कशाचे आहेत, हे न बघताच कोड बदलायला घेतला जातो.

पर्फ प्रत्येक फंक्शनला लागलेला वेळ घड्याळ लावून मोजतं, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात ते ठरावीक अंतराने सीपीयूत डोकावतं आणि त्या क्षणी काय चालू आहे याची नोंद करतं. सेकंदाला ९९ नोंदी सांगितल्या आणि प्रोग्रॅम एका कोअरवर १० सेकंद राबला, तर सुमारे ९९० नमुने मिळतात. (१०० ऐवजी ९९ अशासाठी, की सिस्टिममधल्या ठरावीक ठेक्यावरच्या कामांशी पावलं जुळली तर पुन्हा पुन्हा तेच क्षण हाती लागतात.) ज्या फंक्शनचे जेमतेम दोन-तीन नमुने सापडले, त्याच्यामागे आठवडा घालवण्यात अर्थ नाही.

सर्वांत महागात पडणारा समज म्हणजे रिपोर्टमध्ये जे दिसत नाही, तिथे वेळ जातच नाही. नेहमीच्या पद्धतीने चालवलेलं पर्फ रेकॉर्ड प्रोग्रॅम सीपीयूवर असतानाच नोंद घेतं. डेटाबेसच्या उत्तराची, डिस्कची किंवा लॉकची वाट बघत तो थांबला असेल, तर त्या काळाचा नमुनाच नसतो. म्हणून आधी ‘टाइम’ कमांड लावा, हे मी आग्रहाने सांगेन. समजा रिअल (घड्याळाने एकूण लागलेला वेळ) १२ सेकंद आलं आणि युजर व सिस (सीपीयूवर गेलेला वेळ) मिळून १ सेकंद. एकाच थ्रेडचा प्रोग्रॅम असेल, तर ११ सेकंद तो सीपीयूवर नव्हताच. पर्फ मात्र उरलेल्या एका सेकंदाचीच वाटणी शंभर टक्क्यांत दाखवणार. तिथलं ४० टक्क्यांचं फंक्शन पार नाहीसं केलंत, तरी वाचणार ०.४ सेकंद.

हेच नमुने एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या चित्रात दाखवणारा, ब्रेंडन ग्रेग यांनी २०११ मध्ये तयार केलेला फ्लेम ग्राफही असाच चुकीचा वाचला जातो. त्यात डावीकडून उजवीकडे काळ सरकत नाही. फंक्शनं सहसा वर्णानुक्रमे मांडलेली असतात. पट्टीची रुंदी म्हणजे नमुन्यांचा वाटा. उंच मनोरा म्हणजे फक्त फंक्शनांची लांब साखळी, संथपणा नव्हे.

मग काळानुसार काय झालं ते कळणारच नाही का? कळेल. ‘पर्फ स्क्रिप्ट’ प्रत्येक नमुना साध्या मजकुरात ओततं आणि त्यात वेळही असते. तो मजकूर ऑककडे द्या. १९७७ साली बेल लॅब्समध्ये जन्मलेली ही भाषा अशाच ओळी निवडायला आणि मोजायला केलेली आहे. सेकंदागणिक नमुने मोजले, की सरासरीत बुडालेला एखाद्या मिनिटाचा उसळलेला भार लगेच उघडा पडतो.

आणि ऑकची स्क्रिप्टच रेंगाळत असेल, तर जीऑकचा (ऑकच्या जीएनयू आवृत्तीचा) प्रोफाइल पर्याय वापरता येतो. तो स्क्रिप्टच्या ओळींपुढे आकडे छापतो. ते सेकंद नव्हेत, ती ओळ किती वेळा चालली याची मोजणी आहे. दहा लाख वेळा झालेली साधी तुलना स्वस्त असू शकते आणि एकदाच बोलावलेली बाहेरची कमांड सगळा वेळ खाऊ शकते.