सपत्नीक यात्रा आणि भूमध्य सागरतीर : कोकणातून एक विचार

बीजसंज्ञा : तीर्थयात्रा, सपत्नीक, समुद्रयान, उपासनेचे थर, मानपान

प्रस्तावना

सेवानिवृत्तीनंतर पती-पत्नीने जोडीने काशी-रामेश्वर करावे, हा रत्नागिरी परिसरातील सुशिक्षित घरांचा जुना परिपाठ आहे. अलीकडे त्याला इजिप्त, ग्रीस, तुर्कस्तान आणि रोमच्या सहलींची जोड मिळाली आहे. महाविद्यालयीन प्राध्यापकवर्गही यात मागे नाही. मीना प्रभू यांच्या 'इजिप्तायन', 'तुर्कनामा' यांसारख्या पुस्तकांनी या प्रदेशाची ओळख मराठी वाचकाला आधीच करून दिलेली असते. प्रश्न असा की, लक्सर वा जेरुसलेम येथे उभे राहिलेले आपले जोडपे यात्रेकरू असते की प्रेक्षक? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार आपल्याच परंपरेच्या आधारे करावयाचा आहे.

शास्त्राची भूमिका

यात्रा सपत्नीक असावी, हा आग्रह नवा नाही. पद्मपुराणाच्या भूमिखंडात कृकल नावाच्या वाराणसीच्या वैश्याची कथा येते. वाटेतील कष्ट पत्नीला सोसवणार नाहीत, असे मानून तो सुकलेला घरी ठेवून एकटाच तीर्थाटनास जातो. परतताना त्याला कळते की, पत्नीवाचून केलेली ही सारी यात्रा निष्फळ ठरली असून पितरही बद्धच राहिले आहेत. कृकलाचा हेतू वाईट नव्हता. पत्नीच्या सोयीचा निर्णय तिला न विचारता घेणे, हा त्याचा दोष. आणि तो आजच्या घरांतूनही सर्वस्वी गेला आहे, असे म्हणवत नाही.

समुद्रापलीकडे जाण्याबाबत मात्र शास्त्र कठोर आहे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रयान पतनीय कर्मांत गणले आहे आणि पुढे द्विजांच्या समुद्रगमनाचा समावेश कलिवर्ज्यांत झाला. या विषयाची सर्वांत साक्षेपी मांडणी करणारे महामहोपाध्याय पां. वा. काणे हे चिपळूण तालुक्याचे सुपुत्र. 'धर्मशास्त्राचा इतिहास' या त्यांच्या ग्रंथाचा तीर्थयात्राविषयक विवेचन असलेला चौथा खंड १९५३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९५१ मध्ये, ते प्राच्यविद्या परिषदेसाठी इस्तंबूलला जाऊन आले होते. समुद्रयानाच्या निषेधाचा इतिहास लिहिणाऱ्या पंडिताने स्वतः समुद्र ओलांडावा, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. निषेध कोणत्या काळी व कोणासाठी होता, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? कोकणातील खारवी, दालदी आणि हजला जाणारे कोकणी मुसलमान यांना तर तो निषेध कधी लागूच नव्हता.

किनाऱ्याची जुनी ओळख

इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये कल्याणच्या दक्षिणेकडील बंदरांची यादी आहे : सेमुल्ला, मंदगोरा, पालैपत्मै, मेलिझैगारा, बिझान्तिओन. सेमुल्ला म्हणजे चौल, यावर बहुतेकांचे एकमत आहे. पुढच्या नावांसाठी बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर, विजयदुर्ग अशी स्थळे सुचविली जातात. त्याबाबत वाद आहे. बिझान्तिओन हेच इस्तंबूलचेही प्राचीन नाव असले, तरी या केवळ ध्वनिसाम्यावर इमले बांधू नयेत.

दुसऱ्या टोकाचा पुरावा अधिक भक्कम आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदराच्या उत्खननात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो काळी मिरी सापडली. २०२२ मध्ये तेथील इसिस देवीच्या मंदिरात सुमारे ७१ सेंटिमीटर उंचीची संगमरवरी बुद्धमूर्ती मिळाली. फिलिप या रोमन सम्राटाच्या काळातील संस्कृत लेख आणि सातवाहन नाणीही त्याच स्थळी मिळाली आहेत. इकडे कार्ल्याच्या चैत्यगृहातील स्तंभांवर धेनुकाकट येथील यवन दात्यांची नावे कोरलेली आहेत. परक्याच्या देवालयात दान देणे वा आपली मूर्ती ठेवणे, यात त्या व्यापाऱ्यांना अडचण वाटलेली दिसत नाही. बेरेनिके सहल कंपन्यांच्या वेळापत्रकात सहसा नसते, ही खेदाची बाब.

उपासनेचे थर

लक्सरचे मंदिर आमेनहोतेप तिसरा आणि रामसेस दुसरा या फॅरोंनी उभारले. पुढे त्याच्या आवारात रोमन छावणी आली, चर्च आले आणि तेराव्या शतकात अबू अल-हग्गाग यांची मशीद उभी राहिली. तोवर मंदिर वाळूने व वस्तीने इतके भरले होते की, मशिदीचे दार त्या वेळच्या जमिनीलगत होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उत्खनन झाले, भर निघाली आणि ते दार कित्येक मीटर उंचीवर भिंतीत अधांतरी राहिले. काळाचे मोजमाप इतक्या उघडपणे दाखवणारे दुसरे दार क्वचितच असेल. याच मंदिराकडे प्राचीन काळी ओपेत उत्सवात आमोन, त्याची पत्नी मुत आणि पुत्र खोन्सू यांच्या नौका कर्नाकहून मिरवत येत. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी खांद्यावर नाचवणाऱ्या कोकणी माणसाला हा उत्सव समजावून सांगण्यास वाटाड्याची गरज नाही. आजही अबू अल-हग्गाग यांच्या उरुसात मिरवणुकीत नौका निघतात.

इस्तंबूलच्या हागिया सोफियाची कथाही थरांचीच : ५३७ मध्ये चर्च, १४५३ मध्ये मशीद, १९३५ पासून संग्रहालय आणि २०२० पासून पुन्हा मशीद. २०२४ पासून परदेशी पर्यटकांना शुल्क भरून वरच्या सज्ज्यातूनच ती पाहता येते.

असे थर पाहण्यासाठी परदेशीच जावे लागते, असे नव्हे. दापोली तालुक्यातील पन्हाळेकाझीच्या २९ लेण्यांत हीनयान, वज्रयान, शैव आणि नाथ संप्रदाय यांच्या खुणा एकापाठोपाठ एक आढळतात. म. न. देशपांडे यांनी त्यांवर सविस्तर ग्रंथ लिहिला आहे. तो चाळून, लेणी पाहून मगच लक्सरला जावे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

मानपान आणि जोडीची ताटातूट

जेरुसलेमच्या पवित्र थडग्याच्या चर्चमध्ये सहा ख्रिस्ती पंथांचे हक्क आहेत. कोणी केव्हा झाडावे, कोणता दिवा कोणी लावावा, हे एकोणिसाव्या शतकातील ऑटोमन फर्मानाने गोठवले गेले. आणि किल्ली मात्र शतकानुशतके मुस्लीम घराण्याकडे आहे. पाश्चात्त्य लेखक याचे नवल करतात. पालखीला पहिला खांदा कोणाचा, यावरून वर्षानुवर्षे कोर्टकचेऱ्या पाहिलेल्या आपल्या गावांना यात नवल ते काय? मानकरी तेथेही आहेतच. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या युद्धानंतर मात्र जेरुसलेमच्या प्रवासाची खात्री राहिली नाही.

सपत्नीक यात्रेचा खरा कस येथेच लागतो. पश्चिम भिंतीपाशी पुरुष व स्त्रिया यांचे विभाग वेगळे आहेत. जोडप्याने दर्शनाच्या नेमक्या क्षणी विलग व्हायचे. मशिदीतही नमाजाची जागा वेगळी. ग्रीसमधील आथोस पर्वताच्या मठांत तर स्त्रीला प्रवेशच नाही. तेथे जाऊ इच्छिणाऱ्या गृहस्थाने कृकलाची आठवण ठेवून पत्नीला आधी विचारावे.

याउलट इफेससजवळच्या डोंगरावरील मेरीचे घर. १८९१ मध्ये शोध लागलेल्या या वास्तूच्या ऐतिहासिक सत्यतेबद्दल कॅथलिक चर्चने निर्णय दिलेला नाही. तरी तीन पोप तेथे येऊन गेले. मरियमविषयी कुराणात आदर असल्याने मुस्लीम भाविकही येतात, जसे हातीसच्या पीर बाबरशेखांच्या उरुसाला हिंदू जातात. बाहेरच्या भिंतीवर लोक कागदाच्या चिठ्ठ्या व चिंध्या बांधून इच्छा मागतात. तेथे नवरा-बायको एकाच चिठ्ठीला दोन्ही बाजूंनी गाठ मारू शकतात.