रक्ताची भुकटी आणि विटाळ

डुकराच्या वाढीला लायसिन हे अमिनो आम्ल लागते; मक्यात ते फार कमी. कत्तलखान्यातले रक्त वाळवून केलेल्या भुकटीत सुमारे ८० ते ९० टक्के प्रथिने असतात, लायसिनही भरपूर. मात्र आयसोल्युसिन तोकडे, म्हणून ती खाद्यात थोडीच मिसळतात. मांस-हाडांच्या भुकटीत सुमारे ५० टक्के प्रथिने, शिवाय कॅल्शियम आणि फॉस्फरस. पण ट्रिप्टोफॅन कमी.

रक्ता-हाडांत हात घालणाऱ्यांना या समाजाने अस्पृश्य ठरवले. तेच रक्त, तीच हाडे पोत्यात भरली की त्यांचे ‘प्रथिन’ होते आणि त्याला भाव येतो. विटाळ वस्तूत नव्हताच. तो माणसाला चिकटवला होता. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी टक्केवारीबरोबर आणखी एक प्रश्न देतो: हे मोल कोणाच्या पदरात पडते?