विमानातली 'हॅलॉन'ची बाटली : का गेली, जागी काय आले?

विमान तीस-पस्तीस हजार फुटांवर असताना आग लागली तर बंब बोलावता येत नाही. जे काही करायचे ते केबिनमध्ये टांगलेल्या छोट्या अग्निशामकाने. म्हणून त्यात काय भरले आहे, हा प्रश्न किरकोळ नाही.

अनेक वर्षे या बाटलीत 'हॅलॉन १२११' हा वायू भरला जाई. आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना तो 'बीसीएफ' या नावाने ठाऊक असेल. त्याच्यात गुण पुष्कळ. पाणी विजेच्या आगीवर चालत नाही. पावडरीने समोरचे दिसेनासे होते आणि यंत्रे खराब होतात. हॅलॉन मात्र ज्वाळेतील रासायनिक साखळीच तोडतो, थोडक्यात काम करतो आणि मागे काही घाण ठेवत नाही.

मग अडचण कोठे?

हॅलॉनमधला ब्रोमीन आगीला मारतो तसाच ओझोनच्या थरालाही मारतो. हा वायू वर्षानुवर्षे विरत नाही, त्यामुळे थेट वरच्या थरापर्यंत पोहोचतो. सीएफसी-११ ची हानी १ धरली, तर हॅलॉन १२११ ची ३ आणि इंजिन व मालकक्षात वापरल्या जाणाऱ्या हॅलॉन १३०१ ची १० भरते. म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार विकसित देशांत त्याचे उत्पादन १९९४ पासून आणि विकसनशील देशांत २०१० पासून बंद झाले. त्यानंतर बाजारात राहिला तो जुन्या बाटल्यांतून काढून शुद्ध केलेला साठा.

पर्याय सापडायला वेळ का लागला?

एचएफसी जातीचे वायू परीक्षेत उतरले, पण तेवढ्याच कामाला बाटली जवळपास दुप्पट वजनाची लागे. विमानात प्रत्येक किलोचे इंधन मोजावे लागते. शिवाय अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याने ठरविलेल्या दोन परीक्षा कडक आहेत. एकीत आडोशाला लपलेली आग विझली पाहिजे, दुसरीत पेटत्या आसनावर मारल्यावर निघणारा विषारी वायू मर्यादेत राहिला पाहिजे.

शेवटी 'टू-बीटीपी' हे द्रव्य पुढे आले. त्यातही ब्रोमीन आहे, पण रेणूची रचना अशी की हवेत सुटल्यावर काही दिवसांतच खालच्या थरात त्याचे तुकडे होतात. ओझोनपर्यंत जवळजवळ काहीच पोहोचत नाही. अमेरिकेने २०१६ मध्ये विमानातील हातबाटल्यांसाठी त्याला मान्यता दिली.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान संघटनेची मुदत आधी २०१६ ची होती. ती दोन वर्षे पुढे ढकलली गेली. ३१ डिसेंबर २०१८ पासून पहिल्यांदा उड्डाणयोग्यतेचा दाखला मिळणाऱ्या विमानात हॅलॉनची हातबाटली चालत नाही. युरोपीय संघाने २०१० च्या नियमात जुन्या विमानांनाही २०२५ अखेरची मुदत घातली.

धंद्यासाठी धडा

माल दुर्मिळ झाला की भेसळ शिरते. २००९ मध्ये ब्रिटनमधील एका पुरवठादाराकडून आलेला अशुद्ध हॅलॉन विमानांच्या बाटल्यांत गेल्याचे उघड झाले आणि त्या बाटल्या काढून टाकण्याचे आदेश युरोपच्या विमान सुरक्षा संस्थेला द्यावे लागले. बाटलीवर शिक्का होता, काटा बरोबर होता. आत काय आहे हे आग लागेपर्यंत कोणाला कळले नसते. अशा मालात दुकानदाराची सचोटी हाच गिऱ्हाइकाचा खरा विमा.

आपल्या भंगारवाल्या आणि रिफिलिंग करणाऱ्या बांधवांनी एवढे जरूर करावे. जुन्या संगणक कक्षातून किंवा गोदामातून 'बीसीएफ' अथवा 'हॅलॉन' लिहिलेली बाटली हाती आली, तर पितळेच्या लोभाने तिचा व्हॉल्व्ह उघडू नये. बंद खोलीत तो वायू जिवावर बेतू शकतो, आणि आपल्याकडे २००० सालच्या नियमांनी ओझोनला मारक द्रव्यांवर निर्बंध आहेत. बाटली न उघडता, वायू रीतसर काढून घेण्याची सोय असलेल्याकडेच द्यावी. आतला वायू शुद्ध निघाला तर त्याला अजूनही किंमत आहे. हवेत सोडला तर सगळ्यांचेच नुकसान.