मणी आणि दोरा

आषाढ महिन्यात सातारा व सांगली जिल्ह्यांतील गावांत बेंदराचा सण येतो. त्या दिवशी माणदेशातील शुभ्र खिल्लारी बैल न्हाऊन-माखून सजतात. पाठीवर झूल, शिंगांना रंग आणि गळ्यात घुंगरांबरोबर रंगीत मण्यांच्या माळा! याच गावांतील एखाद्या लग्नघरी जावे, तर रुखवतात मण्यांचे तोरण, मण्यांनी मढविलेला नारळ किंवा मण्यांचा मोर मांडलेला दिसतो. गोठा असो की मांडव, मण्यांच्या कलेने दोन्ही ठिकाणी शोभा आणली आहे.

हे काम मुख्यतः दोन प्रकारांनी करतात. पहिल्या प्रकारात कापड लागतच नाही. दोऱ्यात मणी ओवताना तोच दोरा शेजारच्या मण्यांतून पुन्हा काढतात व अशा रीतीने मण्यांची जाळी विणतात. तोरण तयार होते ते असे. दुसरा प्रकार भरतकामाचा. यात कापडावर नक्षी रेखून घेतात. मग सुई खालून वर काढायची, तिच्यात एक मणी घ्यायचा आणि त्याला लागूनच ती पुन्हा खाली न्यायची. एका टाक्याला एक मणी! सुई मण्याच्या छिद्रातून जाईल इतकी बारीक हवी. दोऱ्याला मेण लावतात. त्यामुळे तो गुंतत नाही आणि लवकर झिजतही नाही.

या कामाला किती चिकाटी लागते, याचा हिशेब तुम्हीच करून पाहा. मणी दोन मिलिमीटर रुंदीचा आहे आणि वीस सेंटिमीटर लांब-रुंद असा चौकोनी रुमाल पूर्ण भरावयाचा आहे. एका ओळीत १०० मणी आणि अशा १०० ओळी, म्हणजे १०,००० मणी झाले. मिनिटाला दहा मणी बसविले, तरी सतरा तासांच्या आसपास वेळ लागेल. त्यातही नक्षी मोजून भरावयाची असते. एका ओळीत एक मणी चुकला, की पुढच्या ओळींत फुलाची पाकळी वाकडी होते. मग चुकलेल्या जागेपर्यंत सर्व उसवावे लागते. म्हणूनच जिने लहानपणी आईजवळ बसून ही कला उचलली, तिचा हात साठाव्या वर्षीही शिकतच असतो.

काचेचा मणी तयार होतो तोही कौशल्यानेच. तप्त काचेचा पोकळ गोळा करून त्यातून लांब, बारीक नळी ओढतात. तिचे लहान लहान तुकडे करून ते पुन्हा तापवितात, म्हणजे त्यांच्या धारदार कडा गोल होतात. भारतात ही विद्या फार प्राचीन आहे. एकोणिसाव्या शतकात मात्र इटलीतील व्हेनिस शहराजवळच्या मुरानो बेटावरचे मणीही व्यापाऱ्यांच्या गलबतांतून सौराष्ट्रात येत आणि तेथील स्त्रिया त्यांची तोरणे व चाकळे करीत.

आता एक विचार करण्याजोगी गोष्ट सांगतो. धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे तगर नगर. ग्रीक भाषेतील एका जुन्या प्रवासग्रंथातही त्याचा उल्लेख आहे. तेरच्या मातीत काचेचे व रंगीत दगडांचे मणी सापडले आहेत. मणी टिकले, पण ते ज्या दोऱ्यात ओवले होते, तो कधीच कुजून गेला! कोणता मणी कोणत्या मण्याशेजारी होता, कोणी कोणती नक्षी विणली होती, हे मणी हातात असूनही आपल्याला कळत नाही.

आपल्या घरातील तोरणाचेही असेच आहे. काच कुजत नाही. पण घडीत, ओलीत आणि मण्यांच्या कडांवर घासून दोरा झिजतो. एके दिवशी तो तुटतो आणि मणी घरभर घरंगळतात. ते गोळा करून डबीत ठेवता येतात, नक्षी मात्र डबीत ठेवता येत नाही. ती राहते जाणत्या माणसाच्या बोटांत आणि स्मरणात. म्हणून जाणत्या स्त्रिया दोरा तुटण्याची वाट पाहत नाहीत. जुने तोरण समोर धरून, एकेक ओळ मोजत, तेच मणी नव्या दोऱ्यात ओवतात. वय झाले, दृष्टी मंदावली, की त्या नातवंडांना सुईत दोरा ओवून द्यावयास बोलावितात. त्या वेळी जो मुलगा वा मुलगी जवळ बसते, तिच्याकडे ती नक्षी आपोआप येते.

मुलांनो, तुमच्या घरी किंवा शेजारी असे जुने मणीकाम असेल, तर ते करणाऱ्या आजीजवळ एक दुपार बसा. चौकटीच्या वहीत एका मण्याला एक चौकट धरून रंग भरा आणि नक्षी उतरवून घ्या. मग ‘पहिला मणी कोठून घ्यावयाचा?’ एवढेच तिला विचारा. पुढचे तिची बोटेच दाखवतील.