हॉटेलवरची ‘कामगार पाहिजे’ ही पाटी उतरत का नाही?

३ ते ७ जून २०२२ या पाच दिवसांत अमरावती-अकोला महामार्गावर एक विश्वविक्रम झाला. लोणी ते माना या टप्प्यात १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरी रस्ता टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. यातलं माना हे गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं.

रस्ता चांगला झाला की गाड्या वाढतात आणि गाड्या वाढल्या की ढाबे वाढतात. मूर्तिजापूर तर आधीपासूनच येणाऱ्या-जाणाऱ्यांचं गाव. मुंबई-हावडा मार्गावरचं जंक्शन. यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला इथूनच सुटायची. अशा गावात चहा, कचोरी, आलुबोंडा आणि रात्रीची शेवभाजी यावर कितीतरी घरं चालतात.

पण अशा गावातल्या हॉटेलवाल्यांशी बोललं तर तक्रार एकच असते. माणूस मिळत नाही, आणि मिळाला तर टिकत नाही.

आता एकीकडे पोरांना काम नाही म्हणून ओरड आणि दुसरीकडे हॉटेलला माणूस नाही, हे कसं काय?

माणूस जातो कुठं?

नाश्त्याच्या हॉटेलातल्या कारागिराचा दिवस अंधारात सुरू होतो. कढई तापवायची, मसाला परतायचा, सात वाजायच्या आत पहिला घाणा काढायचा. जेवणाच्या हॉटेलात याच्या उलट. शेवटचं गिऱ्हाईक उठलं की भांडी, फरशी, आणि मग झोप. मधे दुपारी दोन तास मोकळे मिळतात, पण तेवढ्यात घरी जाऊन येणं जमत नाही. सणावाराला सगळ्यांना सुट्टी असते, तेव्हा यांचं काम दुप्पट.

त्यात लग्नसराई आली की कॅटररवाले रोजाने जास्त पैसे देतात. मुरलेला कारागीर तिकडे जातो. तरुण पोरगा पुण्यातल्या कंपनीत जातो, कारण तिथं शिफ्ट कधी संपणार हे ठरलेलं असतं.

२०२० मध्ये अजून एक धडा मिळाला. मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि राज्यात हॉटेलात बसून जेवायला परवानगी मिळाली ती थेट ५ ऑक्टोबरला, तीही निम्म्या क्षमतेने. सहा महिन्यांहून जास्त काळ फक्त पार्सल. हे काम कधीही जाऊ शकतं, हे ज्यांनी तेव्हा भोगलं त्यातले बरेच जण परत आलेच नाहीत.

म्हणजे तुटवडा माणसांचा कमी आणि टिकून राहावं असं वाटणाऱ्या कामाचा जास्त आहे.

कायदा काय म्हणतो?

महाराष्ट्रात दुकानं आणि हॉटेलांसाठी २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा आहे. त्यात दिवसाला ९ तास, आठवड्याला ४८ तास, आठवड्यातून एक पूर्ण सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट दर असं ठरलं. पण हे सगळं १० किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या ठिकाणीच लागू होतं.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने बदलाला मंजुरी दिली. १० ची मर्यादा २० वर गेली आणि दिवसाचे तास ९ चे १० झाले. त्यानंतर तसा अध्यादेशही निघाला.

याचा अर्थ सोपा आहे. तालुक्याच्या गावातल्या साध्या खानावळीत पाच-सात माणसं असतात, मोठ्या ढाब्यावर फार तर बारा-पंधरा. तासांचं आणि जादा दराचं संरक्षण तिथपर्यंत पोहोचतच नाही.

मग लहान हॉटेलातल्या कामगाराला काहीच नाही का?

आहे.

किमान वेतन : हॉटेल-खानावळीच्या कामासाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं. त्याखाली पगार देता येत नाही, मग कामगार एक असो की वीस.

बालमजुरी : १० ऑक्टोबर २००६ पासून ढाबे, हॉटेल आणि चहाच्या टपरीवर १४ वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आहे. माणूस मिळत नाही म्हणून पोऱ्या ठेवला, ही सबब चालत नाही. असा मुलगा दिसला तर १०९८ वर कळवता येतं.

लैंगिक छळ : १० पेक्षा कमी कामगार असतील तिथल्या पोळ्या लाटणाऱ्या किंवा भांडी घासणाऱ्या बाईलाही जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. २०१३ च्या कायद्याने ही सोय केली आहे.

सगळ्यात मोठा धोका झोपेतला

बाहेरगावचा कामगार बऱ्याचदा हॉटेलातच झोपतो. मालकाला वाटतं राखण झाली, कामगाराला वाटतं भाडं वाचलं.

३० डिसेंबर २०१६ च्या पहाटे पुण्यात कोंढव्यातल्या एका बेकरीला आग लागली. आत झोपलेले सहा कामगार गेले. शटरला बाहेरून कुलूप होतं. १८ डिसेंबर २०१७ ला मुंबईत साकीनाक्याला फरसाणाचं दुकान पेटलं आणि १२ कामगारांचा जीव गेला. त्यांच्यातले बरेच जण पहाटे आतच झोपलेले होते.

तेल, गॅस सिलिंडर आणि एकच दार, हे चित्र प्रत्येक गावात आहे. झोपायची जागा भटकखान्यापासून वेगळी ठेवणं आणि दार आतून उघडेल असं ठेवणं, याला फार खर्च येत नाही.

लहान मालकाला काय जमेल?

तालुक्याच्या गावातला मालकही काही शेठ नसतो. पण काही गोष्टी त्याच्या हातात असतात. सुट्टीचा वार ठरवून भिंतीवर लिहिणं. उचल आणि पगार दोघांच्याही वहीत लिहिणं, म्हणजे महिन्याच्या शेवटी वाद होत नाही. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यूसाठी २ लाखांचं संरक्षण मिळतं. १८ ते ७० वयाचा माणूस आणि त्याचं बँक खातं, एवढं पुरतं. कामगाराला ई-श्रम कार्डही काढता येतं.

आणि गिऱ्हाईकाला?

संत गाडगेबाबांचं बालपण मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्यात, मामाच्या घरी गेलं. पुढे त्यांनी पंढरपूर, नाशिकसारख्या ठिकाणी धर्मशाळा उभ्या केल्या. पण स्वतः कुणाच्या दारी भाकर घेण्याआधी ते हातात खराटा घेऊन झाडलोट करायचे. भाकरीमागे कुणाचे तरी कष्ट असतात, हे त्यांनी कधी विसरू दिलं नाही.

आपल्याला खराटा घ्यायची गरज नाही. ‘ए पोऱ्या’ऐवजी ‘दादा’ म्हणता येतं. टीप द्यायचीच असेल तर ती हातात द्यावी, कारण काउंटरवरच्या क्यूआर कोडवरून पैसे मालकाच्या खात्यात जातात. आणि रात्री बारा वाजता शटर अर्धं खाली आलेलं असताना चार प्लेट भाजीची ऑर्डर देण्याआधी आत उभ्या असलेल्या माणसाला पहाटे पुन्हा चूल पेटवायची आहे, एवढं ध्यानात ठेवता येतं.