रतीब, टोपणनावं आणि जॉर्ज सिमेनॉन

१९३० च्या सुमारास पॅरिसचा प्रकाशक आर्तेम फायार याच्याकडे त्याच्या एका हुकमी लेखकाने नवी हस्तलिखितं आणून दिली. लेखक २७ वर्षांचा, बेल्जियममधून आलेला, मागाल त्या प्रकारची कादंबरी मागाल तितक्या ओळींत वेळेवर हातात ठेवणारा. या वेळी मात्र त्याचा नेम चुकला असं फायारला वाटलं. लेखकाने पुढे अनेकदा सांगितलेल्या हकिगतीप्रमाणे आक्षेपांची यादी लांबलचक होती. वाचकाने बसून सोडवावं असं कोडं यात नाही. दुष्ट माणूस पुरेसा दुष्ट नाही आणि सज्जन पुरेसा सज्जन नाही. प्रेमप्रकरण नाही, शेवट गोड नाही, आणि नायक म्हणजे पंचेचाळिशीचा, अवजड अंगाचा, पाइप ओढणारा संसारी पोलीस अधिकारी. तरीही फायारने ती पुस्तकं काढली. लेखकाचं नाव जॉर्ज सिमेनॉन आणि त्या अधिकाऱ्याचं नाव मेग्रे. पुढच्या चाळीस वर्षांत मेग्रेच्या ७५ कादंबऱ्या आणि २८ कथा झाल्या. सिमेनॉनच्या सगळ्या पुस्तकांचा जगभरातला खप ५० कोटींच्या घरात असावा, असा अंदाज नेहमी दिला जातो.

सहा-सात वर्षं बाजाराच्या मापाने लिहिलेला माणूस अचानक बाजाराचे सगळे नियम मोडणारं पुस्तक कसं लिहितो? याचं ठरलेलं उत्तर असं की तो पोटार्थी लेखनाला कंटाळला आणि साहित्याकडे वळला. खुद्द सिमेनॉनचंही हेच म्हणणं होतं. आपल्या कारकिर्दीच्या तो तीन पायऱ्या सांगे: आधी उमेदवारीच्या स्वस्त कादंबऱ्या, मग मेग्रेच्या ‘अर्धसाहित्यिक’, आणि सर्वांत वर मेग्रे नसलेल्या ‘कठीण’ कादंबऱ्या. मला हा हिशेब पटत नाही. स्वस्त कादंबऱ्यांच्या रतिबातून सुटल्यामुळे सिमेनॉन मोठा लेखक झाला नाही. त्या रतिबाने त्याच्या हाताला जे वळण लावलं, तेच त्याचं साहित्य आहे. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या हजाराहून अधिक रहस्यकथांचा विषय निघाला की बोलणं आकड्यावर सुरू होतं आणि आकड्यावरच संपतं. सिमेनॉनच्या बाबतीत आकड्याच्या आत काय होतं, हे तपासायला भरपूर पुरावा हाताशी आहे.

त्याचा जन्म फेब्रुवारी १९०३ मध्ये लिएज इथे झाला. तारीख १३ आणि वार शुक्रवार पडल्यामुळे आईने जन्माची नोंद १२ तारखेची करायला लावली, असं त्याच्या घरात सांगितलं जाई. वडील देझिरे विमा कंपनीत कारकून होते, समाधानी आणि वेळेचे पक्के. आई आंरिएतला मात्र उद्याची सतत धास्ती. चार पैसे जास्त यावेत म्हणून ती घरात भाडेकरू विद्यार्थी ठेवी, त्यांत रशिया-पोलंडकडून आलेलेही असत. कोण भाडं थकवतो, कोणाला घरून पत्र येत नाही, कोण खोलीत चोरून स्वयंपाक करतो, हे सगळं त्या घरात जेवणाच्या टेबलावर कळायचं. सिमेनॉनच्या कादंबऱ्यांतली लॉजिंगं, जिन्यातले वास आणि दुसऱ्याच्या खोलीवर डोळा ठेवणाऱ्या घरमालकिणी इथल्या आहेत. वडिलांचं हृदय अधू झालं आणि १५ व्या वर्षी शाळा सुटली. १९१९ च्या सुरुवातीला, सोळावं पुरं होण्याआधीच, तो ‘गाझेत द लिएज’ या कॅथलिक वृत्तपत्रात बातमीदार झाला. रोज पोलीस ठाण्यावर जायचं, तिथल्या नोंदी उतरवून आणायच्या आणि दुपारच्या आत त्यांच्या बातम्या करायच्या.

डिसेंबर १९२२ मध्ये तो पॅरिसला आला. ‘ल मातँ’ या दैनिकात कथांचं पान तेव्हा लेखिका कोलेत सांभाळत होती. तिने त्याच्या कथा परत केल्या. फार साहित्यिक आहेत, ते साहित्य तेवढं काढून टाका, असा तिचा निरोप होता. पुढे आयुष्यभर तो हा सल्ला सगळ्यांत उपयोगी पडलेला म्हणून सांगत राहिला. १९२४ मध्ये जाँ द्यु पेरी या नावाने त्याची पहिली स्वस्त कादंबरी निघाली, एका टायपिस्ट मुलीची. त्यानंतर कारखानाच सुरू झाला. फेरेन्झी, तालांदिए, फायार अशा प्रकाशकांच्या ठरलेल्या माला होत्या: दुकानात काम करणाऱ्या मुलींसाठी प्रेमकथा, पोरांसाठी जंगल-समुद्राची साहसं, मोठ्यांसाठी चावट गोष्टी. प्रत्येक मालेची लांबी ठरलेली, मानधन ठरलेलं, आणि काय चालेल, काय चालणार नाही तेही ठरलेलं. न पाहिलेल्या देशांची वर्णनं तो लारूस ज्ञानकोश उघडून करायचा. सात-आठ वर्षांत दीड-दोन डझन टोपणनावांनी सुमारे १९० पुस्तकं झाली. ‘क्रिस्तियाँ ब्रूल्स’ या नावात धाकट्या भावाचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव एकत्र आलं होतं.

या कारखान्यात तो काय शिकला? एक तर पहिल्याच पानावर माणूस उभा करायचा, कारण तिसऱ्या पानापर्यंत थांबणारा वाचक या मालांना नव्हता. दुसरं म्हणजे बेत न करता पुढे सरकायचं. आणि तिसरं, मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटणारं: भाषेचा संकोच सोडायचा. प्रेमकथेत चंद्र आणि उसासे लागतात. ते शेकडो वेळा घातलेल्या माणसाला त्यांची किंमत नेमकी कळते, आणि एखादा दागिना वगळला तर काय उरतं हेही कळतं. सिमेनॉनची पुढची शैली म्हणजे त्या १९० पुस्तकांतून वजा करत आणलेली बाकी आहे. पाऊस, ओला ओव्हरकोट, बिअर, शेगडी अशा रोजच्या वस्तू आणि साधे शब्द. विशेषणं, क्रियाविशेषणं आणि नुसत्या परिणामासाठी आलेला प्रत्येक शब्द आपण दुसरा हात फिरवताना कापतो, असं त्याने १९५५ च्या एका गाजलेल्या मुलाखतीत सांगितलं.

त्याची लिहिण्याची पद्धतही त्या कारखान्याचीच राहिली, फक्त तिच्यात जीव ओतला गेला. आधी काही दिवस भटकंती. मग टेलिफोन डिरेक्टरीतून नावं निवडायची आणि एका पिवळ्या लिफाफ्यावर पात्रांची वयं, पत्ते, आईवडील, शाळा, आजार लिहायचे. घराचा नकाशा काढायचा, लागलं तर रेल्वेचं वेळापत्रक पाहायचं. कथानक मात्र त्या लिफाफ्यावर नसायचं. मग कॅलेंडरवर दिवस खुणावायचे, डॉक्टरकडून रक्तदाब तपासून घ्यायचा, पाइप भरून ठेवायचे, पेन्सिली तासून ठेवायच्या आणि दाराला हॉटेलातून आणलेली ‘त्रास देऊ नये’ ही पाटी अडकवायची. रोज सकाळी एक प्रकरण. आठ ते अकरा दिवसांत कादंबरी पुरी, नंतर दोन-तीन दिवस काटछाट. मध्ये दोन दिवस आजारपणात गेले तर ती कादंबरी सोडून द्यायची, कारण त्या माणसाच्या कातडीत परत शिरता येत नाही असा त्याचा अनुभव होता. वेग ही इथे घाई नव्हती. दीडशे-दोनशे पानांची कादंबरी एका दमात लिहिल्यामुळे ती एका दमात वाचलीही जाते.

यावर पहिला आक्षेप उघड आहे. रतिबाने लेखक घडत असता तर त्या मालांत लिहिणारे बाकीचे शेकडो लोकही घडले असते. बरोबर आहे, रतीब पुरेसा नसतो. सिमेनॉनकडे लिएजचं घर होतं, पोलीस ठाण्यावरची उमेदवारी होती आणि कोलेतचा निरोप ऐकून घेण्याइतकी नम्रता होती. पण उलट बाजूने पाहिलं तर रतिबावाचून तो घडला असता का? त्याच्याच एका दंतकथेचा इथे उपयोग होतो. १९२९ मध्ये तो ‘ओस्त्रोगॉत’ या आपल्या बोटीतून हॉलंडच्या डेल्फझाइल बंदरात गेला, बोट दुरुस्तीला होती, तेव्हा मेग्रे सगळाच्या सगळा डोळ्यांपुढे उभा राहिला, असं तो सांगे. त्या गावाने १९६६ मध्ये मेग्रेचा पुतळाही उभारला. अभ्यासकांनी जुनी पुस्तकं चाळली तेव्हा मेग्रे हे नाव टोपणनावाने लिहिलेल्या स्वस्त कादंबऱ्यांतच आधी सापडलं, कधी ओझरतं, कधी थोडं मोठं. मेग्रे बंदरावर अवतरला नाही, मालांमधून हळूहळू वर आला.

मेग्रेची एक कादंबरी जवळून पाहू. १९३२ च्या ‘सँ-फियाक्र प्रकरणा’त मेग्रे आपल्या जन्मगावी येतो. त्याचे वडील तिथल्या जमीनदार घराण्याचे कारभारी होते. सकाळच्या प्रार्थनेला आलेली म्हातारी काउंटेस चर्चमध्ये बसल्या जागी मरते. तिच्या प्रार्थनापुस्तकात कोणी तरी वर्तमानपत्राचं खोटं कात्रण ठेवलेलं असतं, तिच्या मुलाने आत्महत्या केल्याचं. हृदय दुबळं, धक्का पुरेसा. गुन्ह्याचं हत्यार म्हणजे छापील कागदाचा एक तुकडा, कायद्याच्या हाती जवळजवळ काहीच न लागणारा. बातमीदारीत वाढलेल्या माणसालाच हे सुचावं. आणि रहस्य मेग्रे उलगडतही नाही. तो लहानपणीच्या वाटा पाहत अवघडून फिरतो, आणि शेवटचा डाव काउंटेसचा उधळ्या मुलगा जेवणाच्या टेबलावर खेळतो. फायारच्या यादीतला प्रत्येक दोष इथे आहे, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

दुसरा आक्षेप जाहिरातबाजीचा. तो खरा आहे आणि मजेदारही. २० फेब्रुवारी १९३१ च्या रात्री माँपार्नासमधल्या ‘बूल ब्लांश’ या नाइटक्लबात मेग्रेमालेचं प्रकाशन झालं. निमंत्रणं पोलिसी फॉर्मसारखी छापली होती आणि येणाऱ्या पाहुण्यांच्या बोटांचे ठसे घेतले जात होते. त्याआधी १९२७ मध्ये काचेच्या पिंजऱ्यात बसून लोकांसमोर कादंबरी लिहिण्याचा करार त्याने केला होता. तो बेत फसला, पिंजरा बसलाच नाही, पण पुढे अनेकांनी तो प्रकार पाहिल्याच्या आठवणी लिहिल्या! म्हातारपणी सांगितलेला दहा हजार बायकांचा आकडाही याच जातीचा. या माणसाने सांगितलेली कोणतीही संख्या हातचा राखून घ्यावी. पण जाहिरातीने पहिल्या दोन-चार पुस्तकांचा खप होतो, पंचाहत्तराव्या पुस्तकाचा होत नाही.

तिसरा आक्षेप जास्त जड आहे. त्या काळच्या फ्रेंच साहित्यातलं मोठं नाव असलेला आंद्रे जीद सिमेनॉनची पुस्तकं समासात टिपणं करत वाचायचा. पण तो भर द्यायचा मेग्रेवाचून लिहिलेल्या कादंबऱ्यांवर. सिमेनॉनही १९३४ मध्ये मेग्रेला सेवानिवृत्त करून गालिमारसारख्या प्रतिष्ठित प्रकाशकाकडे गेला होता. म्हणजे साहित्य वेगळं आणि धंदा वेगळा, हे दोघांनाही मान्य होतं. पण हातात पुस्तकं घेऊन पाहिलं तर ‘गाड्या जाताना बघणारा माणूस’ किंवा युद्धकाळातल्या एका बेगुमान पोराची ‘बर्फ मळकं होतं’ या ‘कठीण’ कादंबऱ्यांचा सांगाडा मेग्रेचाच आहे: सरळ चाललेलं आयुष्य एका दिवशी रुळावरून घसरतं आणि आपण त्याच्या मागे जातो. फरक इतकाच की समजून घेणारा पोलीस काढून घेतला आहे आणि त्याची जागा वाचकाला दिली आहे. तेच दिवस, तोच लिफाफा, तीच कात्री. १९५१ च्या ‘मेग्रेच्या आठवणी’त तर मेग्रे स्वतःच पेन घेऊन सिम नावाच्या आगाऊ पोराची, म्हणजे तरुण सिमेनॉनचीच, तक्रार करतो, की याने मला फार सोपं करून दाखवलं. ज्याला सिमेनॉन ‘अर्धसाहित्य’ म्हणत होता त्यातच त्याने आपल्या कलेवरची सगळ्यांत मिश्कील टीका लिहिली.

या पद्धतीला एक मोठा अपवाद आहे. १९४० मध्ये एका डॉक्टरच्या चुकीच्या निदानामुळे आपल्याला दोनच वर्षं उरली आहेत, असं त्याला वाटलं. मुलासाठी म्हणून त्याने लिएजच्या आठवणी लिहायला घेतल्या, जीदच्या सल्ल्याने त्यांची कादंबरी केली, आणि १९४८ मध्ये ‘पेदिग्री’ हे जाडजूड पुस्तक निघालं. ते सावकाश लिहिलेलं, पद्धतीबाहेरचं आणि चांगलं आहे. पण त्यातली माणसं मला इतर कादंबऱ्यांत अधिक धारदार भेटतात, कारण तिथे त्यांना पाल्हाळाला जागा नाही.

या कारकिर्दीत काळे डागही आहेत. १९२१ मध्ये लिएजच्या पत्रात त्याने यहुदीविरोधी लेखमाला लिहिली. जर्मन ताब्याच्या काळात जर्मन पैशावर चालणाऱ्या ‘कॉन्टिनेंटल’ या चित्रपटसंस्थेला कादंबऱ्यांचे हक्क विकले. १९४५ मध्ये तो अटलांटिकपार निघून गेला आणि दहा वर्षं तिकडेच राहिला. मागणी तसा पुरवठा करण्याची सवय माणसाला कुठवर नेते, याचा हा दुसरा हिशेब आहे आणि माझ्या बाजूने मांडताना तो लपवता येत नाही. लेखन एकसारखं नाही हेही कबूल. साठीच्या दशकातल्या काही मेग्रे कादंबऱ्या वाचताना लिफाफा रिकामा होता की काय, असं वाटतं.

पण ही सगळी नुसती यांत्रिक सवय असती तर ती चालूच राहिली असती. १९७२ मध्ये तसं झालं नाही. ‘मेग्रे आणि मस्य शार्ल’ ही त्या वर्षीची शेवटची कादंबरी. सप्टेंबरमध्ये त्याने नवा लिफाफा घेतला, नावं घातली आणि त्यातून काहीच हलेना. त्याने थांबायचं ठरवलं, स्वित्झर्लंडमधल्या एपालँजचं आपलं प्रचंड घर विकायला काढलं आणि पासपोर्टवरचा ‘कादंबरीकार’ हा व्यवसाय बदलून घेतला. नंतर तो टेपरेकॉर्डरवर बोलू लागला आणि त्या बोलण्याचे २१ खंड निघाले. ना ठरलेली पानं, ना मुदत, ना पात्र. ते खंड आज अभ्यासकांखेरीज फारसं कोणी उघडत नाही. मुलगी मारी-जो हिने १९७८ मध्ये आत्महत्या केल्यानंतर लिहिलेल्या १९८१ च्या आत्मचरित्रातही दुःख खरं आहे, पण पुस्तक हजाराहून जास्त पानांचं झालं. मोकळीक मिळाल्यावर हा माणूस पसरट लिहितो, हा माझ्या म्हणण्याचा सगळ्यांत भक्कम पुरावा आहे.

४ सप्टेंबर १९८९ रोजी लोझानमध्ये तो वारला. २०१३ पासून पेंग्विनने मेग्रेच्या पंचाहत्तरही कादंबऱ्या इंग्रजीत नव्याने आणायला घेतल्या, दरमहा एक या बेताने, म्हणजे पुन्हा रतीबच. त्याआधी २००३ मध्ये, जन्मशताब्दीला, गालिमारच्या ‘प्लेयाद’ या अभिजात मालेत त्याच्या निवडक २१ कादंबऱ्यांचे दोन खंड निघाले. मेग्रे आणि ‘कठीण’ असे वेगळे गट न पाडता संपादकांनी त्या एकत्र दिल्या आहेत. टोपणनावांच्या १९० पैकी एकही त्यात नाही, आणि ते ठीकच आहे. ती वाचनीय आहेत असा दावा खुद्द सिमेनॉननेही केला नव्हता, आणि माझाही नाही.