पळती म्हणजे पळ काढणे नव्हे

सारिका काळे तुळजापूरला क्रीडा अधिकारी होत्या, तेव्हा २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी लाभला. भारताच्या या माजी कर्णधार धाराशिवच्या. २०२५ चा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या महिला संघातली अश्विनी शिंदेही याच जिल्ह्याची. तरी इथेही गडी बाद झाला की टाळ्या पडतात, आणि टिकून राहिलेल्या मुलीबद्दल ‘नुसती पळते’ एवढेच बोलले जाते.

नुसते पळून कोणी टिकत नाही. आक्रमकाला एकदा घेतलेली दिशा बदलता येत नाही, बसलेल्यांच्या रांगेतून पलीकडेही जाता येत नाही. पळतीच्या, म्हणजे बचाव करणाऱ्या खेळाडूला दोन्ही मोकळीक असते. साखळी खेळताना ती बसलेल्या आठ जणींमधून नागमोडी जाते आणि आक्रमकाला दर वेळी खो द्यायला लावते. हुलकावणी त्याहून अवघड. त्यासाठी मुद्दाम जवळ जायचे, समोरचीचा खांदा कुठे वळतो ते पाहायचे आणि ती दिशा घेऊन चुकली की तिच्या पाठीमागून निसटायचे. लांब राहणारी खेळाडू लवकर दमते. चांगली खेळाडू धोक्याच्या हातभर अंतरावर खेळते.

व्हिडिओ गेममधल्या झुंजीतही बचावाचा हाच अर्थ आहे. २००४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ‘इव्हो’ स्पर्धेत जपानच्या दाइगो उमेहाराची ताकद इतकी संपली होती की नुसता अडवलेला वारही त्याला संपवणार होता. ‘स्ट्रीट फायटर थ्री’मध्ये वार पूर्ण निष्फळ करायचा तर नेमक्या क्षणी स्टिक प्रतिस्पर्ध्याच्या दिशेने ढकलावी लागते. जस्टिन वाँगचे लागोपाठचे १५ वार उमेहाराने असेच परतवले आणि उलट हल्ला करून ती फेरी जिंकली. स्पर्धेचे विजेतेपद मात्र त्याला मिळाले नाही. लोकांच्या लक्षात राहिला तो बचावच.

बचावाला गुण नसतात, हा समजही जुना झाला. खो-खोच्या त्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चैत्रा बी.ची बचावाची तुकडी नेपाळविरुद्ध ५ मिनिटे १४ सेकंद टिकली आणि भारताच्या खात्यात ७३ चे ७८ गुण झाले. भारत ७८-४० ने जिंकला. पारंपरिक खो-खोतही वर्तमानपत्रे खेळाडूच्या नावापुढे संरक्षणाची मिनिटे छापतात.

अटीतटीच्या वेळी टिकणे नशिबाचे, असेही म्हणतात. सामना जादा डावानंतरही बरोबरीत राहिला तर लघुत्तम आक्रमण होते. पहिला गडी कमी वेळात टिपणारा संघ जिंकतो. म्हणजे एकेका सेकंदाची किंमत पळतीचा खेळाडूच ठरवतो, आणि ती सेकंदे कमावली जातात रोजच्या सरावात.

शाळेच्या मैदानावर मुली पळतीला उतरल्या की घड्याळ लावा, आणि टाळी त्यांच्या मिनिटांनाही द्या.